नट मालक होतो तेव्हा

नाटक कंपनीतला एखादा नट लवकरच स्वतःची कंपनी काढणार आहे, हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही. पहिलं लक्षण म्हणजे त्याला आमटी पातळ लागायला लागते. कालपर्यंत हाच माणूस तीच आमटी भुरकून ‘वाढा हो आणखी’ म्हणत असतो. दुसरं लक्षण हँडबिलाचं. हँडबिल हातात आलं की तो नाटकाचं नाव वाचत नाही. आपलं नाव कितव्या ओळीत आणि कुठल्या टायपात आहे ते आधी बघतो, मग आपल्या वर कोणाचं आहे ते बघतो, मग चष्मा पुसून पुन्हा बघतो. तिसरं आणि शेवटचं लक्षण म्हणजे तो तिकिटाच्या खिडकीपाशी उगाचच घुटमळायला लागतो. थिएटरात किती माणूस आलंय, याचा अंदाज नटाला विंगेतून येतोच. पण त्या माणसांचे रुपये किती झाले, अशी चौकशी तो ज्या दिवशी करतो, त्या दिवशी मालकानं दुसरा नायक शोधायला लागावं.

चरित्रकोशात ‘अमुक साली अमुक नाटक मंडळीची स्थापना केली’ अशी एक भारदस्त ओळ असते. वाचणाऱ्याला वाटतं, काही ध्येय असेल, काही स्वप्न असेल. तिच्या आधीची ओळ वाचावी. तिथं ‘मालकांशी मतभेद झाल्यामुळे’ हे शब्द हटकून सापडतात. मराठी नट कंपनी काढतो असं म्हणणं हा नुसता उपचार आहे. तो आधीच्या कंपनीतून बाहेर पडतो, आणि बाहेर पडल्यावर दुसरं काही येत नसल्यामुळे कंपनी निघते.

याला अपवाद सांगलीच्या विष्णुदास भाव्यांचा, कारण त्यांना सोडून जायला आधीची कंपनीच नव्हती. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळीचे खेळ सांगलीच्या राजेसाहेबांनी, चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले आणि तसं काही मराठीत करा, असं भाव्यांना सांगितलं. १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झालं. त्याची आठवण म्हणून आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळतो. त्या प्रयोगाची व्यवस्था फार सुटसुटीत होती. खर्च राजाचा, प्रेक्षक राजा आणि त्याचा दरबार, आणि नाटक चांगलं झालं की नाही ते ठरवणाराही राजाच. तिकीट नाही, कंत्राटदार नाही, समीक्षक नाही. १८५१ मध्ये राजे गेले, दरबाराला नाटकाचं तेवढं कौतुक राहिलं नाही, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. १८५३ मध्ये ते मुंबईत पोचले आणि तिथं तिकीट लावून खेळ झाले. तिकीट आलं तिथं पैसा आला, पैसा आला तिथं वही आली, आणि वही आली तिथं ती दुसऱ्याच्या ताब्यात का, हा प्रश्न आला. मराठी रंगभूमीचा पुढचा इतिहास बराचसा या प्रश्नाचा आहे. गाणी मध्ये मध्ये आहेत.

‘सीतास्वयंवर’ झालं त्याच वर्षी बेळगावकडच्या गुर्लहोसूर गावी बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म झाला. यांना सगळे अण्णासाहेब म्हणतात. शिकायला म्हणून पुण्याला पाठवलेला हा मुलगा शिक्षण सोडून बाकी सगळ्यात रमला आणि तरुणपणीच त्यानं बेळगावात ‘भरतशास्त्रोत्तेजक मंडळी’ काढली. हे नाव नीट उच्चारून होईपर्यंत तिसरी घंटा होत असणार. ती मंडळी काही टिकली नाही. पुढं अण्णासाहेब पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला लागले, आणि तिथं असतानाच पारशी मंडळींचा संगीत खेळ पाहून त्यांनी ‘शाकुंतल’ मराठीत आणायचं घेतलं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव थिएटरात त्याचा पहिला प्रयोग झाला.

आता यात एक बारीक गोष्ट आहे, ती शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. ‘शाकुंतल’ सात अंकी. त्या रात्री झाले चार. उरलेले तीन तयार नव्हते. दुष्यंत शकुंतलेला विसरायच्या आतच प्रेक्षक घरी गेले. बरं, हे एकदाच झालं म्हणावं, तर दोन वर्षांनी ‘सौभद्र’ लावलं, तेव्हाही आधी तीनच अंक. प्रयोगाची तारीख आधी ठरवायची आणि नाटक मागाहून पुरं करायचं, ही पद्धत संगीत रंगभूमीच्या जनकानंच घालून दिलेली आहे, हे आमच्या हौशी नाट्यसंस्थांनी परीक्षकांना निर्भयपणे सांगावं.

सरकारी नोकरी सांभाळून नाटक करायची परंपराही तिथलीच. आज कुठल्याही तालुक्याच्या गावची हौशी संस्था बघा. नायक जिल्हा परिषदेत, खलनायक बँकेत, विनोदी पात्र एसटीत, आणि दिग्दर्शक शाळेत चित्रकलेचा मास्तर. तालीम सात वाजता. सातला कोण येतं, तर ज्याच्या घरात तालीम आहे तो, आणि तोही त्याला दुसरीकडं जायला जागा नसते म्हणून. साडेआठला सगळे जमतात, नऊला चहा येतो, सव्वानऊला ‘आज मुख्य नायिका येणार नाही, घरी पाहुणे आहेत’ असा निरोप येतो. मग नायिकेच्या जागी खुर्ची ठेवून नायक तिच्याशी प्रेमाचे संवाद बोलतो. पुष्कळ नायकांची प्रेमाची कामं खुर्चीसमोरच उत्तम वठतात. खरी नायिका आली की बिनसतं.

अशा संस्थेचे संस्थापक पाच-सहा असतात आणि सगळे नट. त्यामुळे पदं वाटताना फार सोपं जातं. अध्यक्ष व्हायला दोघे तयार, कार्याध्यक्ष व्हायला तिघे, दिग्दर्शक व्हायला सगळेच. खजिनदार कोणी व्हायचं म्हटलं की एकदम सगळ्यांना गावाकडं आईची तब्येत बरी नसल्याचं आठवतं. शेवटी जो त्या बैठकीला आलेला नसतो तो खजिनदार होतो. त्याला पुढं चार दिवसांनी चौकात कळतं.

आमच्या भागातल्या अशाच एका संस्थेचं विभाजन मी जवळून पाहिलं आहे. निमित्त राज्य नाट्य स्पर्धेचं. नाटकाला बक्षीस मिळालं नाही, ते एक वेळ सगळ्यांनी पोटात घातलं असतं. पण अभिनयाचं प्रशस्तिपत्रक एकट्या नानांना मिळालं, आणि नाना तर दुसऱ्या अंकात संवाद विसरून नुसते खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले होते. परीक्षकांना ते मौन फार भावलं. ज्या बापूंनी प्रसंग सावरण्यासाठी नानांचेही संवाद म्हणून टाकले, त्यांच्याबद्दल अहवालात ‘थोडे जास्त बोलतात’ असा शेरा आला. दिवाळीपर्यंत गावात दोन संस्था झाल्या.

माणसांची वाटणी लगेच झाली. अडलं ते सामानावर. स्पॉट दोन होते, ते एकेक घेतले. दाढ्यांची पेटी एकाकडं, मिशांची दुसऱ्याकडं, असा तोडगा निघाला. मात्र दरवाजाची चौकट एकच होती. सागवानी, उघडबंद होणारी, कडी असलेली. मराठी कौटुंबिक नाटक चौकटीशिवाय उभं राहत नाही, कारण त्यात दर दहा मिनिटांनी कोणी तरी रागानं घर सोडून जातं. त्यासाठी दार लागतं.

“बापू, चौकट पाठवून द्या. आमचा चोवीस तारखेला प्रयोग आहे,” नानांनी फोनवर सांगितलं.

“कसली चौकट?”

“कसली म्हणजे? माझ्या वाड्याचं लाकूड आहे ते.”

“लाकूड तुमचं असेल नाना, पण कडी माझी आहे. कडी काढून ठेवतो, माणूस पाठवा.”

त्या प्रयोगात नायकानं कडी नसलेल्या दाराला आतून कडी लावण्याचा अभिनय केला. त्याला टाळी पडली. बापू तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि टाळी आपल्या कडीला पडली असं त्यांचं मत आहे. दोन्ही संस्थांच्या लेटरहेडवर आजही ‘संस्थापक’ म्हणून तीच सहा नावं आहेत, फक्त क्रम वेगळा.

मोठ्या कंपन्यांत याहून वेगळं काही घडत नव्हतं. आकडे मोठे होते आणि माणसं अतोनात गुणी होती, एवढंच. अण्णासाहेब १८८५ मध्ये वारले. ज्यांना त्यांनी बडोद्याहून आणलं होतं ते भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. पण किर्लोस्कर नाटक मंडळी चालत राहिली आणि नट घडवत राहिली. कंपनी म्हणजे फिरतं बिऱ्हाड. नट, गवई, साजिंदे, पडदेवाले, आचारी, सगळ्यांचा एकत्र मुक्काम, एकत्र पंगत. सकाळी तालीममास्तर नकला पाठ करून घेणार, रात्री नऊला खेळ सुरू होणार, आणि वन्स मोअरच्या कृपेनं तो पहाटेकडं संपणार. बायकांची कामं पुरुष आणि पोरं करीत. त्यामुळे मालकाला दोन गोष्टींची कायम धास्ती, पोराचा आवाज फुटण्याची आणि कंपनी फुटण्याची. पहिली निदान निसर्गनियमानं ठराविक वयात व्हायची. कंपनीच्या नायिकेला मात्र एक मोठी अडचण होती. तिकिटं तिच्या नावावर खपत, पण मालकासमोर मिशीला पीळ देऊन पगारवाढ मागायची सोय नव्हती. मिशी भूमिकेसाठी उतरवलेली असे.

अशा मंडळीत १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा आला आणि त्याला लोक बालगंधर्व म्हणू लागले. १९११ मध्ये खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्वांची, लक्ष्मीधर गणपतराव बोडसांचा, आणि धैर्यधर कंपनीचे एक मालक नानासाहेब जोगळेकर यांचा. कंपनीला इतके बरे दिवस क्वचितच आले असतील. त्याच वर्षी जोगळेकर वारले. मागं राहिले दुसरे मालक शंकरराव मुजुमदार, आणि आमटी पातळ लागायला लागली.

१९१३ च्या जुलैत बालगंधर्व, टेंबे आणि बोडस बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिघांत वडील बोडस, तेही तेहतिशीचे. बालगंधर्व पंचविशीचे. कागदावर ही भागीदारी बघितली, तर तिच्यात नाव ठेवायला जागा नाही. एकाचा गळा असा, की त्यासाठी लोक गाड्या जुंपून येत. दुसऱ्याच्या पेटीवरच्या बोटांना तोड नव्हती, शिवाय चाल बांधायची, रंगमंचावर उभं राहायची, लिहायची, सगळीच तयारी. तिसरा निव्वळ अभिनयावर उभा असलेला नट. बोडसांचा ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव पाहिलेली माणसं म्हातारपणापर्यंत दुसऱ्या फाल्गुनरावांना नावं ठेवीत. संशयात इतका मुरलेला माणूस भागीदार असल्यावर हिशेब चोख राहणार, असं कोणालाही वाटेल.

तीन भागीदार घेण्यामागं एक शहाणपण असतं. दोघांचं वाजलं तर तिसऱ्यानं मिटवावं. प्रत्यक्षात दोघं एक होतात आणि तिसरा नवी कंपनी काढतो. गोविंदराव टेंबे दोनेक वर्षांत बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. पुढं बोडसही भागीदारीतून सुटले. मग गंधर्व नाटक मंडळीत मतभेद व्हायला मालक एकच उरला, आणि तो स्वतःशी भांडणाऱ्यांपैकी नव्हता.

खरं तर भांडायला हवं होतं. गवई आणि मालक एकाच देहात राहू लागले की काय होतं, ते बालगंधर्वांच्या कंपनीत बघावं. वन्स मोअर आला, की मालकानं घड्याळाकडं बघावं, उद्याचा मुक्काम आठवावा, दिव्याचं तेल आठवावं. गवयाला समोर माणसं दिसतात. मालक म्हणतो, शालू नकली चालेल, पाचव्या रांगेतून कोण ओळखतंय. शालू नेसणारा म्हणतो, मी ओळखतो. शालू खरे आले, अत्तरं खरी आली, रंगमंचावर राजवाडा दाखवायचा, तर गालिचा राजाला शोभेल असा आला. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, आणि तबल्याला अहमदजान थिरकवा. ज्यांचा एकेकाचा स्वतंत्र जलसा ठेवावा, असे उस्ताद यांच्या नाटकात साथीला बसत. बायका त्यांची नऊवारी नेसण्याची ढब उचलत होत्या, पुरुष गंधर्व टोपी घालत होते. टोपीवाले आणि शालूवाले त्यांच्यामुळे चांगले सुखी झाले. कंपनी नाही झाली.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय होता. १९१९ च्या फेब्रुवारीत गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ पहिल्यांदा बडोद्यातच झालं. गडकरी त्याच्या महिनाभर आधी गेले होते. बोडसांचा सुधाकर, बालगंधर्वांची सिंधू. फाटक्या लुगड्यातली सिंधू हे त्या कंपनीतलं बहुधा सर्वांत स्वस्त वेषभूषेचं काम, आणि तेच सर्वांत जास्त गाजलं. खजिनदारानं यातून काही बोध घेतला असता. पण खजिनदाराची हिंमत कशी होणार? समोरच्या प्रत्येकाला ‘देवा’ म्हणून हाक मारणाऱ्या आणि प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणणाऱ्या माणसासमोर जमाखर्चाची वही उघडणं, हा सभ्यपणा नव्हे. विसाच्या दशकात कंपनीच्या डोक्यावर लाखाच्या वर कर्ज होतं. चाहत्यांनी वर्गणी काढून ते फेडायची तयारी दाखवली, तर मालकांनी नको म्हटलं आणि खेळ करून करून फेडलं. नटाचा बाणा म्हणून हे थोर आहेच. मालकाचा बाणा म्हणून ते कोणत्याही बँकेत सांगू नये.

दरम्यान किर्लोस्कर मंडळीतून आणखी तिघं निघाले होते. १९१८ सालची गोष्ट. चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे आणि दीनानाथ मंगेशकर. दीनानाथांना तेव्हा नुकतं अठरावं लागलं होतं. यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. योगायोग म्हणा, की आणखी काही, अण्णासाहेब किर्लोस्करांचं पाळण्यातलं नावही बळवंतच. ही अस्सल मराठी भाऊबंदकी आहे. घर सोडायचं, वाटणी मागायची, बोलणं टाकायचं, आणि नव्या घराच्या दारावर पाटी आजोबांच्या नावाची लावायची. (‘भाऊबंदकी’ नावाचं नाटकही याच काळातलं, खाडिलकरांचं. ते महाराष्ट्र नाटक मंडळीनं केलं. बाकीच्या कंपन्यांना ते करायला बहुधा सवड मिळाली नसावी.) बळवंतनं ‘भावबंधन’ गाजवलं. त्यात चिंतामणरावांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका. कपटी घनश्यामाचं काम करणारा माणूस आणि लतिकेचं काम करणारा माणूस खेळ संपल्यावर एका पंगतीला बसून एकाच गल्ल्याचा हिशेब करीत, हे डोळ्यांसमोर आणलं, की भागीदारीबद्दल आदर वाटतो.

भागीदार नकोच, असं ठरवणाराही एक होऊन गेला. कोल्हापूरचे केशवराव भोसले लहानपणापासून स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत होते. शारदेचं काम करता करता मोठे झाले आणि १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी उभी केली. वय वर्षं सतरा. त्या वयाच्या मुलाची सही करारावर चालली असती की नाही शंका आहे, पण गळा चालत होता. हल्ली सतराव्या वर्षी मुलाला एकट्याला हुबळीला पाठवायचं म्हटलं तरी आई तीनदा फोन करते. केशवरावांनी तिथं कंपनी काढली, नट सांभाळले, नाटककार गाठले, कर्जही काढलं असणारच. आणि मालक एकटाच असल्यामुळे ही कंपनी सर्वांत जास्त टिकली. एक मालक गेला, की दुसरा येई. केशवरावांच्या मागं बापूराव पेंढारकर, बापूरावांच्या मागं १९४२ मध्ये भालचंद्र पेंढारकर. एकविसाव्या वर्षी वडिलांची बंद पडलेली नाटक कंपनी पुन्हा सुरू करणाऱ्या मुलाला नातेवाइकांनी काय काय ऐकवलं असेल, ते मराठी घरात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको.

या सगळ्या मालकांच्या इतिहासात एक रात्र मात्र वेगळी आहे. ८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन कंपन्यांनी मिळून ‘मानापमान’ केलं. धैर्यधर केशवरावांचा, भामिनी बालगंधर्वांची. त्या काळातले दोन सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी एका रंगमंचावर, तेही एकमेकांचे प्रियकर-प्रेयसी म्हणून. नाटकाचं नावच असं, की मंडळींनी विंगेत डॉक्टर तयार ठेवायला हवा होता. शंभर रुपयांपर्यंत तिकिटं गेली, सोळा हजारांच्या वर निधी जमला, आणि कोणी कोणाचा अपमान केल्याची नोंद नाही. हँडबिलावर पहिलं नाव कोणाचं, हा प्रश्नही बहुधा टिळकांच्या नावानं सुटला असेल. मला तर यात काही गूढ दिसत नाही. गल्ला फंडाचा होता. दोघांपैकी कोणाच्याच वहीत तो जाणार नव्हता, म्हणून मतभेद झाले नाहीत. सांगलीच्या राजवाड्यानंतर मराठी नटांना हिशेबाशिवाय नाटक करायला मिळालं ते त्या रात्री. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

कंपनी फुटण्याचा एक मोठा फायदा मराठी साहित्याला झाला, तोही सांगायला हवा. बाहेर पडलेला प्रत्येक मालक पुढं आत्मचरित्र लिहितो. बोडसांचं ‘माझी भूमिका’. टेंब्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिलं, त्यात पुरेसं सांगून झालं नाही असं वाटल्यामुळे असेल, पण मग ‘माझा जीवनविहार’ही लिहिलं. चिंतामणराव कोल्हटकरांच्या ‘बहुरूपी’ला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कंपनीनं जे दिलं नाही, ते कंपनीच्या आठवणींनी दिलं. यातलं एकच पुस्तक वाचलं, तर सगळं चित्र स्पष्ट होतं. चूक कोणाची, बरोबर कोण, आमटी खरंच पातळ होती का, सगळं कळतं. दोन वाचली की गोंधळ सुरू होतो. चारही ओळीनं वाचणाऱ्यानं आपण कोणाच्या बाजूनं आहोत, ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवावं, नाही तर दर शंभर पानांना पक्ष बदलतो.

मग बोलपट आला आणि मालकांना वाटलं, हे बरं. इथं पाऊणशे माणसांच्या पंगती नाहीत, वन्स मोअर नाही, एकदा केलं की डब्यात. बळवंत मंडळीच्या मालकांनी सांगलीत बळवंत पिक्चर्स काढून १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुनयुद्ध’ केला. नाटकात जितक्या रात्रींत पैसे बुडाले असते, त्याच्या कितीतरी कमी वेळात ते चित्रपटात बुडतात, हा शोध त्यांना लागला. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांचं काम केलं. आयुष्यभर भामिनी, रुक्मिणी, सिंधू झालेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर पुरुष व्हायला लागलं. समोर मायबाप नाहीत, टाळी नाही, गाणं रंगात आलं, की कोणीतरी ‘कट’ म्हणणार. ते पुन्हा नाटकाकडं वळले.

सर्वांत पुढं मात्र गोविंदराव टेंबे होते. शिवराज मंडळी केव्हाच मिटलेली. १९३२ मध्ये प्रभातनं ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. त्याचं संगीत टेंब्यांचं, आणि नायकाची भूमिकाही टेंब्यांचीच, राजा हरिश्चंद्राची. राज्य गेलं, खजिना गेला, देणं मात्र बाकी, अशा राजाचं काम होतं ते. दोन नाटक कंपन्यांची मालकी करून झालेल्या माणसाला त्याची तालीम द्यावी लागली असेल, असं वाटत नाही.